लोकशाही समाजवाद : निवडणूक हरल्यावर खुर्ची सोडणारा समाजवाद?

चौकस (धागाकर्ता)

न्यूयॉर्कच्या महापौरपदी झोहरान ममदानी निवडून आल्यापासून 'डेमोक्रॅटिक सोशालिस्ट' हे शब्द उठता-बसता कानावर पडताहेत. आणि दर वेळी वाद ठरलेल्या दोन वळणांवर जातो. एक बाजू म्हणते, "समाजवादच तो, वर लोकशाहीचा मुलामा." दुसरी म्हणते, "छे हो, स्वीडन-डेन्मार्कसारखं काहीतरी, त्यात भिण्यासारखं काय?" मला दोन्ही उत्तरं कच्ची वाटतात. म्हणून हा धागा.

समाजवादाचा गाभा मालकीचा आहे. कारखाने, खाणी, जमीन, बँका अशी उत्पादनाची साधनं मूठभर खाजगी मालकांच्या हाती असू नयेत, ती समाजाची असावीत, म्हणजे राबणाऱ्याच्या कष्टाचं वरकड दुसऱ्याच्या खिशात जाणार नाही. इथवर बहुतेक समाजवाद्यांचं एकमत. भांडण पुढे आहे. 'समाजाची' म्हणजे कोणाची? सरकारची? त्या कारखान्यातल्या कामगारांची? सहकारी संस्थेची? आणि तिथवर जायचं कसं, बंदुकीने की मतपेटीने?

लोकशाही समाजवादाचं उत्तर असं : मालकी बदलायची, पण मतं मिळवून. विरोधी पक्ष, वर्तमानपत्रं, न्यायालयं जागेवर ठेवून. आणि लोकांनी पुढच्या खेपेला नको म्हटलं, तर गुपचूप पायउतार व्हायचं. माझ्या मते ही शेवटची अट सगळ्यात अवघड, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

ब्रिटनच्या पोलाद उद्योगाचंच बघा. मजूर पक्षाच्या सरकारने १९५१ साली तो सरकारी मालकीचा केला. त्याच वर्षी पक्ष निवडणूक हरला. गंमत म्हणजे मजूर पक्षाला मतं हुजूर पक्षापेक्षा जास्त होती, जागा कमी पडल्या. तरी पंतप्रधान ॲटली यांनी राजीनामा दिला. हुजूर पक्षाने १९५३ मध्ये कायदा करून पोलाद खाजगीकडे वळवायला सुरुवात केली, १९६७ मध्ये मजूर पक्षाने ते पुन्हा सरकारी केलं आणि १९८८ मध्ये थॅचरबाईंनी परत विकून टाकलं. धंद्याच्या दृष्टीने हा पोरखेळच. पण या सगळ्या उलथापालथीत ना कोणी तुरुंगात गेलं, ना रस्त्यावर रणगाडे आले. सोव्हिएत रशियात असं एकदाही होऊ शकलं नसतं.

तुमचं काय म्हणणं?

---

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचेन. तोवर हाणामारी चालू द्या.

---

उलटतपासणी

मांडणी आवडली, पण तुम्ही सोपं उदाहरण उचललंत. पोलाद हा एक उद्योग झाला. समाजवाद म्हणजे सगळी अर्थव्यवस्था नियोजनाखाली आणणं असेल, तर बाजारवादी अर्थतज्ज्ञ हायेकने १९४४ मध्येच घेतलेला आक्षेप अजून उभा आहे. काय बनवायचं, किती, कोणासाठी, हे एका केंद्रातून ठरवायचं म्हटलं की त्यावर संसदेत एकमत होणं अशक्य. मग निर्णय तज्ज्ञांच्या मंडळाकडे जातात, मंडळ आदेश काढतं, आदेश न पाळणारा गुन्हेगार ठरतो. कोणाच्या मनात पाप नसलं तरी लोकशाही आपोआप आक्रसते.

दुसरं, छापखानेही सरकारचे, कागदही सरकारचा आणि नोकऱ्याही सरकारच्याच, तर विरोधी पक्षाने पत्रक छापायचं कुठे?

---

तळटीप

उलटतपासणी, दुसरा मुद्दा बिनतोड आहे. पण तो आधी समाजवाद्यांनाच सुचला होता, हे विसरू नका.

थोडा इतिहास. 'लोकशाही' हे विशेषण वेगळं लावायची गरज मुळात नव्हती. जर्मन सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या १८९१ च्या एर्फुर्ट कार्यक्रमात स्त्री-पुरुष भेद न करता सर्वांना मताधिकार ही मागणी अगदी वरच आहे. त्या वेळी युरोपातले बहुतेक उदारमतवादी बायकांना सोडाच, गरीब पुरुषांनाही मत द्यायला नाखूश होते. १९१२ मध्ये हाच पक्ष जर्मन संसदेत सर्वांत मोठा झाला. समाजवादी म्हणजे मताधिकार मागणारा, हे तेव्हा गृहीतच होतं.

गाडी फिरली ती पेट्रोग्राडमध्ये. १९१७ च्या नोव्हेंबरात रशियन संविधान सभेची निवडणूक झाली. सत्ता लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या हाती होती, पण मतं मिळाली चौथा हिस्सा. शेतकऱ्यांमध्ये वजन असलेले समाजवादी क्रांतिकारक बरेच पुढे निघाले. नीट लक्षात घ्या, जिंकलेले आणि हरलेले दोघेही समाजवादीच होते. सभा जानेवारी १९१८ मध्ये एकदाच भरली. रात्रभर भाषणं चालली. पहाटे पहाऱ्यावरचा झेलेझ्न्याकोव्ह नावाचा खलाशी अध्यक्ष चेर्नोव्ह यांच्याजवळ गेला आणि पहारेकरी दमलेत, आता आवरा, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. दुसऱ्या दिवशी सभासद आले तर दरवाजे बंद. संपली संविधान सभा.

त्याच वर्षी मार्क्सवादी नेत्या रोझा लक्झेंबर्ग जर्मनीच्या तुरुंगात बसून रशियन क्रांतीबद्दल लिहीत होत्या. क्रांतीच्या त्या कट्टर समर्थक, पण लेनिनला त्यांनी सुनावलं की स्वातंत्र्य म्हणजे वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य. फक्त सरकारच्या बाजूच्यांना असेल तर ते स्वातंत्र्यच नाही. सार्वत्रिक निवडणुका, छापण्याची आणि जमण्याची मोकळीक नसेल तर संस्थांमधला जीव जातो आणि तिथे फक्त नोकरशाही उरते, हे भाकीत त्यांनी १९१८ मध्ये करून ठेवलं. चौकस, तुमच्या 'मुलामा'वाल्यांना हे वाचायला द्या.

---

सदाफुली

अवांतर : हिटलरच्या पक्षाच्या नावातही 'समाजवादी' होतंच की! ;-)

---

तळटीप

@सदाफुली, आलाच का हा प्रतिसाद, मी वाटच बघत होतो. पूर्व जर्मनीच्या नावात 'लोकशाही' होतं, म्हणून ती लोकशाही झाली का? २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा जर्मन संसदेत आला, तेव्हा विरोधात ९४ मतं पडली. सगळीच्या सगळी सोशल डेमोक्रॅटांची. कम्युनिस्ट खासदारांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. बाकीच्या पक्षांनी बाजूने हात वर केले. या विषयावर माझ्याकडून लेखनसीमा.

---

आडवाट

धाग्यात एक गफलत होण्याआधीच गाठ सोडवू या. दोन नव्हे, तीन गोष्टी आहेत : समाजवाद, लोकशाही समाजवाद आणि सामाजिक लोकशाही. लोक स्वीडन-डेन्मार्ककडे बोट दाखवतात ते तिसऱ्याचं उदाहरण आहे. तिथे कारखाने खाजगी, शेअर बाजार जोरात, वर भक्कम कर आणि त्यातून शिक्षण, दवाखाने, पेन्शन. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी हार्वर्डमध्ये बोलताना स्पष्ट सांगितलं की आमची समाजवादी नियोजनाची अर्थव्यवस्था नाही, बाजाराची आहे. स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणारे अमेरिकी सिनेटर बर्नी सँडर्सही त्याच वर्षी म्हणाले की उत्पादनाची साधनं सरकारच्या मालकीची असावीत असं मला वाटत नाही. म्हणजे लेबल एक आणि माल दुसरा. अमेरिकेत 'सोशालिस्ट' ही शिवी असल्याने ती अंगावर मिरवण्यात राजकीय मजा असावी.

सामाजिक लोकशाही नफा झाल्यावर वाटणी करते. लोकशाही समाजवाद विचारतो, नफा ज्याच्या नावावर होतो तोच मुळात मालक का? हा फरक कागदी नाही, आणि तो स्वीडनमध्येच सर्वांत स्वच्छ दिसला. जरा लांबण लागेल, पण किस्सा सांगण्यासारखा आहे.

तिथल्या कामगार महासंघाचं धोरण होतं : एकाच कामाला एकच पगार, मग कंपनी फायद्यात असो वा रडतखडत चालणारी. दुबळ्या कंपन्यांना हा पगार परवडत नसे, त्या बंद पडत. सरकार त्यांच्या कामगारांना नवं काम शिकवून तगड्या कंपन्यांकडे पाठवी. हुशार योजना. पण तिला एक भोक होतं. बक्कळ कमावणाऱ्या कंपन्यांतले कामगार जास्त मागू शकत असूनही मागत नव्हते. हा न मागितलेला पैसा जायचा कुठे? भागधारकांकडे. म्हणजे कामगारांच्या एकजुटीने मालकच गब्बर होत चालले.

महासंघाचे अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ माइडनर यांनी यावर तोडगा काढला. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्के किमतीचे नवे शेअर काढायचे आणि ते कामगारांच्या सामूहिक निधीत जमा करायचे. रोख एक पैसाही बाहेर जात नाही, भांडवल कंपनीतच राहतं. फक्त मालकीचा काटा दर वर्षी थोडा सरकतो. जितका नफा जास्त तितका जलद. काही दशकांत निम्म्याहून जास्त मालकी कामगारांच्या निधीकडे. ना जप्ती, ना क्रांती. १९७६ मध्ये महासंघाच्या अधिवेशनाने ठराव मंजूर केला, आणि तिथे सामाजिक लोकशाही संपून लोकशाही समाजवाद सुरू होत होता.

पुढे काय झालं? त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट ४४ वर्षांनी सत्तेबाहेर गेले (अणुऊर्जेचा वादही त्याला कारण होता). १९८२ मध्ये परतले आणि पुढच्या वर्षी निधीचा कायदा केला, पण पाणी घालघालून. ऑक्टोबर १९८३ मध्ये हजारो उद्योजक आणि त्यांचे कर्मचारी स्टॉकहोमच्या रस्त्यावर मोर्चाने उतरले. आणि कहर म्हणजे, विधेयक मांडणाऱ्या सरकारचे अर्थमंत्री फेल्ट संसदेत चर्चा चालू असताना कागदावर चार ओळी खरडत होते, त्या एका छायाचित्रकाराने टिपल्या. आशय असा की हे निधी म्हणजे निव्वळ घाण आहे, पण आता इथवर ओढत आणलेत. स्वतःच्याच अर्थमंत्र्याचा ज्या योजनेवर विश्वास नाही ती टिकणार किती? १९९१ मध्ये सरकार बदललं आणि निधी गुंडाळले गेले.

---

चौकस

आडवाट, दंडवत! माइडनर यांचं नाव ऐकून होतो, यंत्रणा आज कळली. पण मग प्रश्न पडतो : लोकांनाच नको होतं, म्हणून गेलं. तक्रार कशाला?

---

आडवाट

तक्रार नाहीच. हरले, मान्य केलं, घरी गेले. मात्र एक बोचतं. निधीचा कारभार कामगार संघटनांचे पदाधिकारी बघणार होते. साध्या कामगाराला 'हा निधी माझा' असं कधी वाटलंच नाही. मालकाच्या जागी मोठा मालक, एवढंच. रस्त्यावर उद्योजक उतरले, निधीच्या बाजूने तेवढ्या हिरीरीने कोणी उतरलं नाही.

---

सावली

मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि तो अर्ध्यावर राहतोय.

१ जानेवारी १९४७. ब्रिटनच्या खाणी त्या दिवशी सरकारी झाल्या. प्रत्येक खाणीवर पाटी लागली : ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवत आहे. झेंडे चढले, म्हातारे खाणकामगार रडले म्हणतात. सुट्टी संपवून लोक कामावर गेले तर ऑफिसात बहुतेक ठिकाणी तोच मॅनेजर बसलेला. मंडळावरची माणसं मंत्र्याने नेमलेली. खालच्या माणसाला ना मत, ना मॅनेजर बदलण्याचा अधिकार. मजुरी सुधारली, सुरक्षितता सुधारली, हे खरंच. पण पाटीवरची 'जनता' खाणीत उतरली की पुन्हा हुकूम झेलणारीच.

तर माझ्या मते लोकशाही समाजवादाला दोन पाय आहेत. एक, सरकार मताने बदलता यावं. दोन, जिथे माणूस दिवसाचे आठ-दहा तास घालवतो तिथेही त्याला मत असावं. चौकस, तुमच्या लेखात फक्त पहिला आहे.

युगोस्लाव्हियाने १९५० पासून उलटा प्रयोग केला. कारखान्यात कामगारांच्या निवडून दिलेल्या परिषदा, आणि देशात मात्र एकच पक्ष. म्हणजे यंत्र कुठलं घ्यायचं यावर मत द्या, देशाचा सर्वेसर्वा टिटो याच्यावर नाही. एका पायावर किती चालणार? परिषदेतही शेवटी पक्षाच्या माणसाचंच चालायचं.

दोन्ही पाय थोडेथोडे रोवलेली जागा म्हणजे, आश्चर्य वाटेल, पश्चिम जर्मनी. १९५१ च्या कायद्याने कोळसा-पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळात कामगारांना बरोबरीच्या जागा मिळाल्या. १९७६ पासून २००० हून जास्त कामगार असलेल्या सगळ्याच कंपन्यांत निम्म्या जागा. मात्र मतं समसमान पडली की अध्यक्षाचं जादा मत, आणि अध्यक्ष भागधारकांचा. (अर्धा समाजवाद म्हणावा की पाव, ते तुम्ही ठरवा.) स्पेनच्या बास्क भागातली माँड्रागॉन सहकारी संस्था १९५६ पासून 'एक सभासद एक मत' तत्त्वावर चालते, हजारोंना रोजगार देते. पण तिची घरगुती उपकरणांची फागोर कंपनी २०१३ मध्ये बुडाली तेव्हा बाजाराने 'तुम्ही सहकारी आहात' म्हणून काही सूट दिली नाही.

---

रिकामटेकडा

वाचून काढलं सगळं. सावली +१. वाचनखूण साठवली.

---

उलटतपासणी

सावलीताई, दुसरा पाय मला पटतो, फक्त त्यासाठी समाजवाद कशाला? कामगारांनी कंपनी काढावी, बाजारात उतरावं. कोणी अडवलंय?

पण मी माझ्याच बाजूवर एक दगड टाकतो. 'मतपेटीने आणा, मतपेटीने घालवा' हे ऐकायला न्यायाचं वाटतं. प्रत्यक्षात मतपेटीबाहेरही मतदान चालतं. फ्रान्समध्ये १९८१ मध्ये समाजवादी मित्तराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. मोठे उद्योग, बँका सरकारी केल्या, किमान वेतन वाढवलं. तोवर भांडवल देशाबाहेर वाहू लागलं, दीड वर्षात फ्रँकचं तीनदा अवमूल्यन करावं लागलं आणि मार्च १९८३ मध्ये सरकारने काटकसरीचा रस्ता धरला. संसदेची निवडणूक मध्ये झालीच नव्हती. ज्यांच्याकडे पैसा हलवायची सोय होती त्यांनी त्यांचं मत आधीच देऊन टाकलं.

चिलीत तर मतपेटीच मोडली. समाजवादी राष्ट्राध्यक्ष आयेंदे १९७० मध्ये ३६ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन आले, बहुमत कधीच नव्हतं, हेही सांगायला हवं. तांब्याच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण मात्र १९७१ मध्ये तिथल्या काँग्रेसने एकमताने मंजूर केलं, उजव्यांसकट. महागाई भडकली, दुकानं रिकामी झाली, अमेरिकेने नाड्या आवळल्या. तरी मार्च १९७३ च्या निवडणुकीत आघाडीची मतं वाढलीच. सप्टेंबरात लष्कर आलं. इथे खुर्ची न सोडणारे समाजवादी नव्हते, हे मलाही कबूल करावं लागतं.

---

मीमांसक

उशिरा आलो. परतवता येण्याचा मुद्दा निघालाय, तर त्यावर सर्वांत खोल विचार मला डॉ. आंबेडकरांमध्ये दिसतो. गंमत म्हणजे त्यांनी दोन वर्षांत दोन वेगळी उत्तरं दिली आहेत.

मार्च १९४७ मध्ये आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षातर्फे त्यांनी संविधान सभेसाठी निवेदन तयार केलं. त्यात मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे, विमा सरकारची मक्तेदारी, शेती हा सरकारी उद्योग आणि ती सामूहिक पद्धतीने, असा भरगच्च राज्य समाजवाद आहे. हुकूमशाही नको, संसदीय लोकशाहीच हवी. पण हा समाजवाद साध्या कायद्याने आणायचा नाही, थेट संविधानात लिहायचा. का? कारण आजच्या बहुमताने केलेलं उद्याचं बहुमत मोडेल.

१५ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत प्रा. के. टी. शहा दुरुस्ती मांडतात की पहिल्याच अनुच्छेदात 'समाजवादी' शब्द घाला. मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर विरोध करतात. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचं, ते संविधानात बांधून ठेवणं म्हणजे लोकशाहीचा नाश, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे असंही म्हणतात की मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी दिशा आधीच आहे, वेगळा शब्द कशाला. दुरुस्ती फेटाळली गेली.

काही जण याला कोलांटउडी म्हणतात. मला पटत नाही. पहिल्या वेळी ते अशा लोकांच्या वतीने बोलत होते ज्यांना बहुमत कधीच मिळणार नव्हतं. दुसऱ्या वेळी सगळ्या देशाचा मसुदा हातात होता. दुबळ्याला संरक्षण हवं तर ते मतांच्या लाटेपासूनही हवं, आणि लोकशाही हवी तर पुढच्या पिढीचे हात मोकळे हवेत. चौकस, तुमची 'खुर्ची सोडा' ही अट दुसऱ्या उत्तराशी जुळते. पहिल्या उत्तराला तुमच्याकडे जागा नाही.

---

चौकस

मीमांसक, विचार करायला लावलंत. माझं मत तरी दुसऱ्याच बाजूला झुकतं. जे मोडता येत नाही ते राबवणाऱ्याला जाब विचारणंही अवघड होतं, सावलीने सांगितलेल्या खाणीसारखं. पण बहुमत कधीच न मिळणाऱ्याने हे ऐकून काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

तळटीप

शहांचा शब्द अखेर उद्देशिकेत आला तो १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, आणीबाणीत. त्याच वर्षी लोकसभेची मुदत संपत होती, ती सरकारने कायदा करून वाढवली. मधू लिमये तेव्हा तुरुंगात होते. समाजवादी चळवळीत हयात गेलेला माणूस. लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठी निवडलं, त्यापुढे बसायचा अधिकार नाही, म्हणून त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला. शरद यादवांनीही दिला. 'समाजवादी' शब्द लिहिणारे सभागृहात, आणि समाजवादी कोठडीत.

---

मीमांसक

आणि पुढचा अंक १९८९ चा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ. पक्षाची नोंदणी करायची तर पक्षाच्या घटनेत लिहून द्यावं लागतं की समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर आमची निष्ठा राहील.

---

उलटतपासणी

म्हणजे मला उद्या सगळं खाजगी करा म्हणणारा पक्ष काढायचा, तर आधी समाजवादावर निष्ठा वाहायची? आणि ती लोकशाहीवरच्या निष्ठेच्या शेजारी बसून? हायेक राहू द्या, यावर आधी समाजवाद्यांनीच बोंब मारायला हवी होती.

---

तळटीप

यावर उत्तर १५ नोव्हेंबर १९४८ लाच देऊन झालंय. वर मीमांसकांचा प्रतिसाद पुन्हा वाचा.